‘बोटीवर जायचंय’ म्हणजे नक्की कुठे? नौदल अकादमी आणि मर्चंट नेव्हीच्या वाटेवरच्या नव्यांसाठी

कोकणात ‘मुलगा बोटीवर असतो’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न पगाराचा येतो. बोट कोणती, हे कुणी विचारत नाही. युद्धनौका असो, तेलाचा टँकर असो की कंटेनर जहाज, सगळं ‘बोटीवर’च. मी मरीन इंजिनिअर आहे, त्यामुळे बारावीतल्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन येत असतात. ‘काका, नेव्हीत जायचंय.’ कुठल्या नेव्हीत रे? ‘मर्चंट.’ म्हणजे व्यापारी जहाजांवर. आणि अर्ज भरून झालेला असतो एनडीएचा, म्हणजे सैन्यदलात अधिकारी होण्याच्या परीक्षेचा.

घोळ समजण्यासारखा आहे. दोन्हीकडे पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, दोन्हीकडे कॅडेट म्हणतात, पहाटे उठवून पळवतात. जगात काही ठिकाणी तर दोघं एकाच आवारात शिकतात. पोलंडमधल्या ग्दिनियाच्या आणि बल्गेरियातल्या वार्नाच्या नौदल अकादमीत लष्करी कॅडेटांबरोबर नागरी विद्यार्थीही असतात. आपल्याकडेही सुरुवात अशीच सरमिसळ झाली. १९२७मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं ते व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवायला. त्याच्या पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी पुढे नौदलात गेले आणि १९५८मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आज मात्र आपल्याकडे हे दोन दरवाजे वेगळे आहेत, त्यांची परीक्षा वेगळी, खर्च वेगळा आणि पुढचं आयुष्यही वेगळं.

आधी डोळे, मग क्लास

सगळे लेख परीक्षेपासून सुरू होतात. मी डोळ्यांपासून सुरू करतो, कारण माझा एक वर्गमित्र दोन वर्षं क्लास करून, लेखी पास होऊन, मुलाखतीतून निवडला जाऊन मेडिकलला गेला आणि तिथे ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला दिसेना. रंगांधळेपणा. तोपर्यंत त्याला आणि घरच्यांना पत्ताच नव्हता, कारण रोजच्या आयुष्यात त्याचं काही अडत नव्हतं. जहाजावर अडतं. रात्री समोरच्या जहाजाची लाल बत्ती दिसते की हिरवी, यावरून ते कुठल्या बाजूनं चाललंय ते कळतं. त्यामुळे इथे ‘चालवून घ्या’ नसतं.

म्हणून दहावीनंतर, फार तर अकरावीत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा: ‘इशिहारा चाचणी करायची आहे आणि चष्म्याशिवाय नजर किती आहे ते लिहून हवंय.’ इशिहारा म्हणजे तीच ठिपक्यांची चाचणी. अर्ध्या तासाचं काम. नौदलाच्या प्रत्येक प्रवेशाच्या जाहिरातीत नजरेचे निकष दिलेले असतात, ते त्या कागदाशी ताडून बघा. मर्चंट नेव्हीत डेकच्या बाजूला, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांत, चष्म्याशिवायची नजर पक्की लागते. इंजिनच्या बाजूला चष्म्याला थोडी सवलत आहे. मी स्वतः इंजिनात आलो त्याचं अर्धं श्रेय माझ्या चष्म्याला.

डॉक्टरकडे गेलाच आहात तर कानही दाखवा. कानात मळ साठलाय म्हणून मेडिकलला तात्पुरतं नापास झालेली मुलं मी पाहिली आहेत. आणि टॅटू काढू नका. हाताच्या आतल्या बाजूचा चालतो, इथला चालत नाही, असे नियम आहेत खरे, पण ते वाचत बसण्यापेक्षा कातडी कोरी ठेवलेली बरी.

दरवाजा निवडा

नौदलात तुम्ही सरकारचे अधिकारी. शिक्षणाचा, पुस्तकांचा, गणवेशाचा, जेवणाचा खर्च नौदल करतं. त्या बदल्यात हुकूम येईल तिथे जायचं, आणि जहाज लढण्यासाठी आहे हे विसरायचं नाही. मर्चंट नेव्हीत तुम्ही कंपनीचे नोकर, तेही बहुधा करारावर: काही महिने जहाजावर, मग घरी, मग पुन्हा करार. शिक्षणाची फी लाखांत जाते आणि ती घरातून किंवा कर्जातून येते. पगार लवकर मोठा होतो, पण घरी बसलेल्या महिन्यांचा पगार सहसा नसतो.

‘नेव्हीत नाही झालं तर मर्चंटला जाईन’ असं बरेच जण म्हणतात. चालेल, पण दोन्हीचे अर्ज आणि तारखा वेगळ्या सांभाळाव्या लागतील, हे आधी धरून चला.

नौदलाचा रस्ता: बारावीनंतरच्या दोन वाटा

नौदलाचे अधिकारी घडतात ते केरळमध्ये, कण्णूर जिल्ह्यातल्या एझिमलाच्या भारतीय नौदल अकादमीत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कव्वायीचं खाडीपात्र, समोर अरबी समुद्र. कोचीत आणि मग गोव्यात चाललेलं प्रशिक्षण इथे एकवटलं आणि ८ जानेवारी २००९ रोजी अकादमीचं रीतसर उद्‌घाटन झालं.

पहिली वाट यूपीएससीच्या एनडीए परीक्षेची. तिचं पूर्ण नाव ‘नॅशनल डिफेन्स अकॅडमी अँड नेव्हल अकॅडमी’ असं आहे, आणि नावातला दुसरा भाग बरेच जण वाचतच नाहीत. अर्जात पसंतीक्रम विचारतात तेव्हा भूदल, नौदल, हवाई दल आणि चौथा पर्याय नौदल अकादमी. तिसरा-चौथा रिकामा सोडला की त्या जागा तुमच्यासाठी संपल्या. नौदल मिळालं तर आधी तीन वर्षं आपल्या खडकवासल्याला आणि मग एझिमला. नौदल अकादमी मिळाली तर थेट एझिमलाला, चार वर्षांचं बी.टेक.

वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवंच. परीक्षा वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० गुण, त्यातले २०० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण जातात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. तेव्हा गणिताच्या संज्ञा आत्ताच इंग्रजीत पाठ करायला घ्या. २०२१पासून मुलीही ही परीक्षा देतात आणि त्यांना अर्जाची फी नाही. खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी मे २०२५मध्ये बाहेर पडली, १७ जणी होत्या.

दुसरी वाट फार कमी जणांना ठाऊक असते: १०+२ बी.टेक कॅडेट प्रवेश. याला वेगळी लेखी परीक्षा नाही. जेईई मेनचा अखिल भारतीय क्रमांक धरतात. बारावीला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) किमान ७० टक्के, इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० टक्के, वय साधारण १७ ते साडेएकोणीस. जागा मोजक्या, एका तुकडीला तीस-चाळीसच्या आसपास. जेईईच्या क्रमांकावरून फक्त मुलाखतीला बोलावतात, अंतिम यादी मुलाखतीच्या गुणांवर लागते. म्हणजे जेईईत फार पुढे असलेला मुलगा इथे मागे पडू शकतो आणि उलटही होतं. जो मुलगा इंजिनिअरिंगसाठी जेईई देतोच आहे, त्यानं हा अर्ज न भरणं म्हणजे दारात आलेली एसटी सोडणं. जाहिरात नौदलाच्या भरतीच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून तिथे नाव नोंदवून ठेवा.

पदवीनंतरही दारं आहेत: इंजिनिअरांना यूपीएससीची सीडीएस परीक्षा, आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकारीपदाची नोकरी, ज्यात २२ आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स एझिमलाला होतो आणि नोकरी १० वर्षांची, पुढे १४ पर्यंत वाढू शकते. बारावीत असाल तर हे आत्ता डोक्यातून काढून टाका.

कागदपत्रं: आडनावाची भानगड

हा मुद्दा खास आपल्या मुलांसाठी. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं, आधारवर स्वतःच्या नावापासून, आणि कुठल्या तरी ओळखपत्रावर वडिलांचं नाव गाळलेलं असतं. पाटील रोहन सुरेश, रोहन सुरेश पाटील आणि रोहन पाटील ही तुमच्या घरी एकच व्यक्ती असते. अर्ज तपासणाऱ्याला ती तीन वाटू शकतात. नियम साधा आहे: अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर जशी आहे तशीच, त्याच क्रमानं आणि त्याच स्पेलिंगनं. आईच्या नावाचं स्पेलिंगही तपासा, तिथे फार चुका निघतात. आधार दुरुस्त करायचं असेल तर अकरावीच्या सुट्टीत करून घ्या. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात सेतू केंद्राबाहेर रांगेत उभे असलेले बाप मी बघितले आहेत.

एनडीएची लेखी पास झालात की अजून एक खाच आहे. निकालानंतर दोन आठवड्यांत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, तुम्हाला नौदल हवं असलं तरी. पेढे वाटण्याच्या भरात ही राहून जाते.

एसएसबी: पाच दिवस

इथे जरा थांबू, कारण मुलं सगळ्यात जास्त इथूनच परत येतात. मीही आलो. पहिल्याच दिवशी.

सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे एसएसबी. नौदलासाठी भोपाळ, बंगळुरू, विशाखापट्टणम, कोलकाता अशा ठिकाणी होते. त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा जात असाल तर रेल्वेभाडं परत मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवा आणि त्याची झेरॉक्सही.

पहिल्या दिवशी छाननी. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र पडद्यावर ३० सेकंद. चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात बसून चर्चेतून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. मी क्लासमध्ये पुराची गोष्ट घोटून गेलो होतो: गावात पूर येतो, नायक दोरी आणतो, सगळे वाचतात. चित्रात तीन-चार माणसं आणि गाडीसारखं काहीतरी होतं. मी पूर आणलाच. चर्चेत बाकीचे गाडी बंद पडल्याचं बोलत होते आणि मी त्यांना पाणी दाखवत होतो. दुपारी निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर वाचले. माझा आला नाही. चारला बस, रात्री गाडी. त्या परतीच्या प्रवासात माझ्या लक्षात आलं की मी चित्र पाहिलंच नव्हतं.

तेव्हा पहिला सल्ला हाच: दिसतं ते लिहा. साधी माणसं, साधी अडचण, तुमच्या गावात जशी सुटते तशी सुटलेली.

छाननीत टिकलात तर पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या: चित्रांवर गोष्टी, शेवटचा पडदा कोरा, मग साठ शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं, मग साठ प्रसंग अर्ध्या तासात. इतक्या वेगात सोंग टिकत नाही, आणि चाचणी त्याचसाठी तशी बांधलेली आहे. मैदानावर गटाची कामं असतात: फळ्या, दोर, पिंपं घेऊन अडथळे ओलांडायचे. इथे ओरडणारा पुढारी ठरत नाही. फळी कोण धरून ठेवतं, मागे राहिलेल्याला हात कोण देतं, हेही वर बसलेला अधिकारी टिपत असतो.

मुलाखतीआधी माहितीचा फॉर्म भरून घेतात. त्यात छंद लिहाल त्यावर प्रश्न येणार. ‘ट्रेकिंग’ लिहिलंत तर गेल्या वर्षी कुठले गड केले, कुणाबरोबर, पाणी किती नेलं होतं, इथपर्यंत. एकदाच सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली असेल तर तो ट्रेकिंगचा छंद नव्हे. ‘विहिरीत पोहतो, भावाला शिकवलं’ हे त्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं, कारण खरं आहे.

इंग्रजीची भीती आपल्या मुलांना फार. माझं मत: मोडकं इंग्रजी चालतं, गप्प बसणं चालत नाही. घरी रोज दहा मिनिटं पेपरमधली एक बातमी मोठ्यानं इंग्रजीत सांगा. आई हसेल. हसू दे.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, निकाल तिथेच. निवड झाली की मेडिकल, आणि त्यात काही निघालं तर अपील करता येतं. मुदत किती आहे ते तिथेच विचारून लिहून घ्या.

तयारीसाठी आपल्याकडे दोन-तीन चांगल्या सरकारी जागा आहेत आणि त्या दहावीच्या वयातच गाठाव्या लागतात. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे एसपीआय, १९७७पासून मुलांना अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून देते. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. साताऱ्याचं सैनिक स्कूल तर १९६१चं, पण तिथे सहावीपासून.

एझिमलाला पोचल्यावर

स्टेशन पय्यन्नूर. मुंबईहून कोकण रेल्वेनं मंगळूरच्या बाजूनं खाली उतरलात की लागतं. नेत्रावती एक्स्प्रेस तिथे थांबते. काय आणायचं याची यादी हजर होण्याच्या पत्रात असते, आणि ती शब्दशः पाळा. यादीबाहेरचं सामान परत पाठवावं लागतं. बूट मात्र नवेकोरे नेऊ नका, महिनाभर वापरून मऊ केलेले न्या.

बी.टेकची पदवी जेएनयूची मिळते, शाखा यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या. वर्गाबरोबर ड्रिल, पीटी, पोहणं, शिडाची होडी, वल्ही मारणं. पहिल्या सत्रात झोप कमी पडते आणि घरी फोन कमी होतात, हे आईला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ती पय्यन्नूरला येऊन उभी राहील. पोहणं तिथे शिकवतात, पण पाण्याची भीती घेऊन जाऊ नका. संचलनाच्या शेवटच्या टप्प्याला ‘अंतिम पग’ म्हणतात, त्यानंतर पुढचं प्रशिक्षण समुद्रावर. कोचीच्या ‘फर्स्ट ट्रेनिंग स्क्वॉड्रन’ या प्रशिक्षण ताफ्यात ‘तीर’सारखी जहाजं आहेत आणि ‘तरंगिणी’, ‘सुदर्शिनी’ या शिडाच्या नौकाही. उपग्रहाच्या काळात शिडं कशाला, असं वाटतं खरं. वारा अंगावर घेतल्याशिवाय समुद्र कळत नाही, हे इंजिनवाला असूनही मी मान्य करतो.

नागरी दरवाजा: इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी

व्यापारी जहाजांसाठी केंद्रीय विद्यापीठ आहे, आयएमयू. २००८मध्ये स्थापन झालं, मुख्यालय चेन्नईला. डफरिननंतर १९७२मध्ये ‘राजेंद्र’ हे प्रशिक्षण जहाज आलं आणि १९९३मध्ये ते सगळं नवी मुंबईत करावे इथे जमिनीवर ‘चाणक्य’ म्हणून स्थिरावलं. नाव अजून ‘ट्रेनिंग शिप’, पण आहे इमारत. तेच आज विद्यापीठाचं नवी मुंबईचं आवार. मरीन इंजिनिअरिंगची जुनी संस्था मुंबईत ‘हे बंदर’ नावाच्या भागात आहे.

प्रवेश आयएमयू सीईटीतून. बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० टक्के लागतात. कोर्स मुख्यतः तीन. डेकसाठी तीन वर्षांचं बी.एस्सी. नॉटिकल सायन्स, किंवा एक वर्षाचा डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, ज्यानंतर जहाजावर १८ महिने कॅडेट म्हणून काढावे लागतात. इंजिनसाठी चार वर्षांचं बी.टेक मरीन. डीएनएस झटपट दिसतो, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण त्याला आधी कंपनीची स्पॉन्सरशिप असेल तरच अर्थ आहे. कोर्स झाला आणि जहाजच मिळालं नाही तर ते वर्ष लोंबकळतं. कॅडेटची पहिली जागा मिळणं हीच या धंद्यातली सगळ्यात अरुंद जागा आहे. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. गेल्या तुकडीतल्या किती जणांना जहाज मिळालं आणि कुठल्या कंपनीचं, ते त्या मुलांनाच विचारा.

परदेशी अकादमीत शिकायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी एकच चौकशी: तिथलं प्रमाणपत्र आपल्या नौवहन महासंचालनालयाला, म्हणजे डीजी शिपिंगला, चालतं का? उत्तर लेखी घ्या.

जहाजावर जाण्याआधी इन्डोस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक), सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंद ठेवणारं, खलाशाची ओळख असलेलं पुस्तक), पासपोर्ट, आग विझवणं-जीव वाचवणं-प्रथमोपचार वगैरेचे छोटे सक्तीचे कोर्स, आणि मान्यताप्राप्त डॉक्टरची तपासणी लागते. हे सगळं रीतसर मार्गानं होतं आणि कुठेही ‘वरून’ काही द्यावं लागत नाही.

एजंट मात्र इथेच भेटतात. सीबीडी बेलापूरच्या एखाद्या खोलीत, भिंतीवर जहाजाचं कॅलेंडर, टेबलावर तिरंगा, ‘तीन लाख भरा, महिन्यात सीडीसी आणि जॉइनिंग’. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं बेकायदेशीर आहे. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असावा लागतो आणि त्याला नंबर असतो. तो नंबर मागा, डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः शोधा, कंपनीचं नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत जुळते का बघा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की उठा आणि पुढची लोकल पकडा.